पात्यांवरचं नाव

माझ्या वडिलांच्या श्रद्धांजलीचा फलक त्यांच्याच मशीनवर छापला गेला, ही गोष्ट प्रभुमालकांनी भेटायला आलेल्या प्रत्येकाला आवर्जून सांगितली. "दुसरीकडं टाकला न्हाय बगा. अण्णांच्याच मशीनवर. शाई बी भारीतली."

सोलापुरात अशा फलकाला डिजिटल म्हणतात, आणि ज्याचा डिजिटल चौकात लागला नाही तो जन्मला किंवा मेला यावर इथे कुणी चटकन विश्वास ठेवत नाही. अण्णांचा लागला. निळं आकाश, ढगांच्या वर अण्णा, दोन्ही बाजूंना समया. फलक इतका ताजा होता की शाईच्या उग्र वासाने खाली उभ्या असलेल्या बायकांनी नाकाला पदर लावले, आणि लांबून पाहणाऱ्यांना वाटलं, रडताहेत. आठवड्याच्या आत त्याच बांबूंवर एका युवा नेत्याचा वाढदिवस चढला.

अण्णा, म्हणजे जोतिराम कोळेकर, नव्या पेठेमागच्या बोळात प्रभु हत्तुरे यांच्या दुकानात मशीन चालवायचे. आधी ऑफसेटचं, मग डिजिटलचं. एक खोली, एक एसी, एक खिडकी, आणि त्या खिडकीवर चुकीचा छापलेला एक फलक ठोकलेला. ओल्या शाईवर सोलापूरची धूळ बसली की पुढाऱ्याच्या गालावर देवीचे व्रण उठतात आणि पुढारी नवीन छापून मागतो. म्हणून धूळ आत येऊ द्यायची नाही. शाईतून, थिनरमधून उठणारी वाफही मग आतच राहायची. तिला बाहेर जायला कुणाची मनाई नव्हती, फक्त वाट नव्हती. मालक रोज सकाळी मशीनपुढे मोगऱ्याची अगरबत्ती लावत. वासावर उपाय म्हणून आणखी एक वास.

अण्णांच्या रक्तात पेशी तयार होईनात तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, विडी? तंबाखू? दारू? तिन्हीला नाही म्हटल्यावर ते जरा हिरमुसले. "काम काय करता?"

"छपाईचं."

"म्हणजे एसीत. छान." कारण अज्ञात, असा निष्कर्ष निघाला. एसीतल्या त्या अज्ञाताबरोबर अण्णांनी अर्धं आयुष्य काढलं होतं.

तेरावा झाल्यावर मी अण्णांचा चष्मा आणि डबा आणायला दुकानात गेले. मेहनाज कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी टकलावर केस बसवत होती. ती डिझाइन करते. अण्णा गेल्यापासून मशीनही तीच बघत होती.

"डोकं दुखत नाही का गं तुझं इथे?"

"दुखतंय की ताई. रविवारी घरी असलं की न्हाय दुखत."

"आणि हा वास?"

"पयले पयले लई यायचा. आता कायबी येत न्हाय." ती हसली. "सवय झाली."

अगदी हेच वाक्य अण्णा जेवताना सांगायचे, काहीतरी कमावल्यासारखं. मी चष्मा पिशवीत ठेवला आणि मालकांकडे गेले.

मी मोहोळच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. त्यामुळे नीट समजावून सांगितलं की माणसाला पटतं, अशी माझी एक समजूत आहे. मी मालकांना वाफेचं सांगितलं, रक्ताचं सांगितलं, खिडकीत एक एक्झॉस्ट फॅन बसवा म्हटलं. मालकांनी डोळ्यांत पाणी आणून सगळं ऐकलं.

"खरं हाय ताई. पण धूळ?"

"मालक, तो हवा बाहेर टाकतो. आत ओढत नाही."

"तेच म्हणतो मी. बाहेर टाकला वास, तर गिऱ्हाइकाला दुकान चालू हाय ते कळणार कसं? आमच्या धंद्यात वास म्हंजे बरकत."

तर्काचे माझे सगळे तास तिथे संपले.

पुढच्या गुरुवारी आईला घेऊन अक्कलकोटला गेले. प्रसादाला बसल्यावर वर पाहिलं. डोक्यावर कुणाचे तरी आजोबा फिरत होते. पंखा इतका सावकाश फिरत होता की पात्यांवरचं त्यांचं नाव वाचता येत होतं, पुढे स्मरणार्थ. शेजारी कुणाची आत्या फिरत होती. मेलेल्या माणसाच्या नावाने दिलेला पंखा आपल्याकडे कुणी नाकारत नाही.

मालकांनीही नाकारला नाही. अण्णांच्या स्मरणार्थ फॅन द्यायचा आहे म्हटल्यावर त्यांनी खिडकीवरचा फलक स्वतःच्या हाताने फाडला. पात्यांवर नाव घालायला पेंटर आणला. कै. जोतिराम कोळेकर, लाल ऑइलपेंटमध्ये, प्रत्येक पात्यावर थोडे थोडे अण्णा. उद्घाटनाचा डिजिटल छापला. त्यात मालकांचा फोटो अण्णांपेक्षा किंचित मोठा आला, तो कॉम्प्युटरचा दोष असल्याचं मला सांगण्यात आलं. नारळ फुटला, बटण दाबलं, फॅन सुरू झाला. मेहनाजच्या टेबलावरचे कागद खिडकीच्या दिशेने सरकले आणि तिने ते दोन्ही हातांनी धरले. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी.

दिवाळीनंतर सहज डोकावले, तर फॅन बंद. पात्यांच्या मधोमध झेंडूचा हार आणि समोर मोगऱ्याची अगरबत्ती. मेहनाज कपाळाला बाम चोळत बसली होती.

"बिघडला का?"

"न्हाय न्हाय," मालक लगबगीने उठले. "बंद ठेवलाय. फिराय लागला की अण्णांचं नाव दिसत न्हाय की ओ! नुस्तं लाल गरगर. चार लोक येतेत, इचारतेत, नाव कुटं हाय? बरं दिसतंय का ते? शिवाय हार अडकतो."

"मग चालू कधी करता?"

"पुण्यतिथीला करायचा की!"

मी मेहनाजकडे पाहिलं. तिने नजर स्क्रीनवर नेली. पोटाचा प्रश्न असला की मालकाला हसता येत नाही.

ओरडावंसं वाटलं. पण कुणावर? हा माणूस माझ्या वडिलांना रोज हार घालत होता. मी स्वतः इतक्या दिवसांत फोटोला एकदाही घातला नव्हता.

"मेहनाज, थिनर आहे?"

"हाय की."

"आणि एक चिंधी दे. मालक, आधी ती अगरबत्ती विझवा."

मी स्टूल ओढलं, हार काढून मालकांच्या हातात दिला आणि फॅनच्या जाळीत हात घातला. थिनरने ऑइलपेंट लवकर सुटतो. आधी 'कै.' गेलं. ते जाताना वाईट वाटलं नाही.

"ओ ताई! काय करताव? बापाचं नाव पुसताव?"

"हो."

"लोक काय म्हणतील? ह्यो फॅन कुणाचा, कसं कळंल?"

"नाही कळणार."

वास नाकात गेला. संध्याकाळी दारात चप्पल काढताना अण्णांच्या शर्टाला यायचा, तो. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांना असा वास येतो. घरातले त्यांचे शर्ट आईने धुऊन टाकले होते. शेवटच्या पात्यावर 'कोळेकर'मधलं 'कोळे' पुसून झालं होतं, 'कर' उरलं होतं. मी थोडी थांबले. मग तेही पुसलं.

"आता दिसण्यासारखं काही नाही," मी खाली उतरून म्हटलं. "चालू ठेवायला हरकत नसावी."

मालकांनी हार छातीशी धरला होता. मेहनाजने उठून बटण दाबलं.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. कॉलेज नुकतंच सुटलं होतं.

"ताई, एक सांगू? आज जेवून परत आले ना, तर दुकानात काय वास मारतोय! उलटीच यायलीय. मालकाला बी येतोय."

"काय म्हणतात मालक?"

ती आवाज खाली आणून म्हणाली, "म्हणतेत, पयले असला वास नव्हता. ताईनं फॅन बसवला तवापासनं सुरू झाला."

मागे घरघर ऐकू येत होती.

"मग फॅन बंद केला का त्यांनी?"

"न्हाय ओ. वास जावा म्हणून दिवसभर चालू ठेवलाय."