शनिवारचं काळं पाणी

त्या शनिवारी सकाळी आमच्या दारात चपलांचे सतरा जोड होते. आत हॉलमध्ये टबाभोवती बायकांचं कोंडाळं, टबात लंकामावशींचे पाय, आणि पाणी बघता बघता चहासारखं झालं, मग चक्क डांबरासारखं.

"अगं बाई! एवढं विष होतं मावशींच्या अंगात?" शेजारची पिंकी ओरडली.

"हा तपकिरी रंग यकृताचा," भिंतीवरच्या रंगांच्या तक्त्यावर पट्टी टेकवत एक बाई म्हणाली. "काळे कण सांध्यांतले. आणि हा फेस..." फेसाचं पुढे काय ते तिला आठवेना. "हा फेस जुना आहे."

"जुना हाय खरा," मावशींनी मान डोलावली. "लय वर्सं छळलं त्यानं."

ही पट्टीवाली बाई म्हणजे मीच, मनीषा. वय बावन्न. सोमवार ते शुक्रवार एका ऑफिसात कारकुनी. संध्याकाळी आणि शनिवारी घरगुती उपचार केंद्र. मुलं मार्गी लागली, हात मोकळे झाले, म्हणून एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं. सर्टिफिकेट, तक्ता आणि यंत्र घेऊन घरी आले. टबात कोमट पाणी, चमचाभर मीठ, यंत्राची लोखंडी कांडी आणि शेजारी पाय. वीस मिनिटांत तळपायांतून विष बाहेर! खरं सांगते, माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. लोक मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागले होते, आणि या वयात ते ऐकायला फार गोड लागतं.

गंमत एवढीच, की शनिवारी पाणी काळं व्हायचं आणि इतर दिवशी फिकं. कारण पिंकीनेच शोधलं. "शनीचा वार ना ताई! तो विष ओढून काढतो." आम्ही बौद्ध, आमच्या घरात शनीला कधी थारा नव्हता. पण तो गिऱ्हाईक आणत होता, म्हणून मी गप्प बसले.

पुढच्या बुधवारी लंकामावशी पुन्हा आल्या. पिंकीही गप्पा मारायला येऊन बसली होती. त्या सायखेड्याच्या, पंचवटीत झेंडू विकून संध्याकाळी माझ्याकडे यायच्या. त्या दिवशी पाणी जेमतेम पिवळं झालं. मावशी खुलल्या.

"निघालं समदं विष! ताई, साखरंच्या गोळ्या बंद केल्या मी. चार दिस झाले."

मी वाकून त्यांचे पाय नीट पाहिले. अंगठ्याला जखम होती, आणि ती त्यांना दुखतसुद्धा नव्हती.

"मावशी, आजच गोळी सुरू करा."

"का म्हून? फिकं पानी म्हंजी बरं शरीर, तुमचाच तक्ता म्हंतो ना?"

मी हात जोडले, रागावले. त्या हसत साबणाने पाय धुवत बसल्या. "आज फेस बरा येतो साबनाला. शनिवारी येतच नव्हता."

मी जागीच थांबले. शनिवारी आमच्या गल्लीत नळ कोरडे असतात. त्या दिवशी आम्ही सगळे बोअरचं पाणी वापरतो.

"पिंकी, खालून बोअरची एक बादली आण."

टब भरला, मीठ टाकलं, कांडी सोडली, बटण दाबलं. मावशी पाय घालायला पुढे सरकल्या.

"नाही. आज कुणीच पाय घालायचे नाहीत."

दोघी बघत बसल्या. टबात कुणाचेच पाय नसताना पाणी पिवळं झालं, तपकिरी झालं, मग काळं. फेसही आला.

"अगं बाई, हे कुणाचं विष?" पिंकीने विचारलं.

मी यंत्र बंद करून कांडी मावशींच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांनी चाचपली.

"ही तर खाल्लीया! आमच्या हिरीतला मोटरीचा पाइप असाच सडतो. खाऱ्या पान्यात लोखंड टिकत नाय."

"तेच, मावशी. मीठ आणि वीज मिळून लोखंड खातात, त्याचा हा गंज. बोअरच्या पाण्यात आधीच क्षार जास्त, म्हणून शनिवारी काळं. तुमचा पाय त्यात नसला तरी चालतं. शनीही."

"मंग माझी साखर?"

"आहे तिथंच."

मावशींनी भिंतीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "आन् हा तक्ता कशाला लावला व्हता गं तू?"

"मला डॉक्टरीणबाई म्हणवून घ्यायचं होतं, मावशी. चुकले मी." मला रडू आलं. त्यांनी समजूत घातली नाही, आणि बरंच केलं.

रिक्षाने थेट डॉक्टरांकडे गेलो. साखर चारशेच्या वर निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा दिवस असेच गेले असते तर अंगठा काढावा लागला असता.

केंद्र अजून चालू आहे. तेलाने पाय चोळते, नखं कापते, जखम दिसली की दवाखान्यात पाठवते. बरं करण्याचं वचन देत नाही. तक्त्याच्या खिळ्याला आता ती गंजकी कांडी टांगली आहे. दारात चपलांचे तीनच जोड असतात, त्यातला एक लंकामावशींचा. नवीन कुणी आलं की त्या कांडीकडे बोट दाखवतात आणि विचारतात, "गोळी घेतली का?"

तुमच्याही गल्लीत असं एखादं यंत्र येईल. बिनधास्त बघायला जा. फक्त पाय घालण्याआधी मालकाला सांगा, की एकदा नुसत्या मीठपाण्यावर चालवून दाखव.