बोटभर माया

सकाळी सातला आमच्या ह्यांनी आपला सेफ्टी बेल्ट माझ्या शिलाई मशीनवर आणून टाकला आणि म्हणाले, "मांडीचे दोन्ही पट्टे जरा दुमडून टीप मार. गाडी साडेसातला येते."

तेवीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवते. जी शिवायचीच नसते ती वस्तू कोणी मशीनवर आणून टाकेल आणि तो माझाच नवरा असेल, असं कधी वाटलं नव्हतं. हे विजेच्या टॉवरवर चढून काम करतात. दीडशे फुटांवर माणूस लटकतो तो ह्या पट्ट्यांच्या जिवावर. त्यांना सुईचं एक भोक पडलं तरी बेल्ट बाद. हे मला शिकवलं कोणी, तर ह्यांनीच. गँगमध्ये बेल्टची तपासणीसुद्धा हेच करतात.

मी म्हटलं, "हा शिवायचा नसतो."

"माहीत आहे. एका दिवसाचा प्रश्न आहे. लहान मापाचा मागवलाय."

मी बेल्ट त्यांच्या अंगावर चढवून पाहिला. बकल ओढून ओढून पट्ट्याच्या शेवटाला टेकलं होतं, तरी मांडी आणि पट्टा यांच्यामधून माझी मूठ आरामात आत गेली. वरून पाय सुटला तर हा माणूस पट्ट्यातूनच निसटेल.

दीड वर्षापूर्वी नेमकं उलटं झालं होतं. तेव्हा ह्यांचं वजन एकशे चार होतं आणि बेल्ट शंभरापर्यंतचा. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी चढायला मनाई केली आणि साहेबांनी ह्यांना खाली स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला बसवलं. गँगवाले ह्यांना 'पोतं' म्हणायला लागले. ह्या माणसाने जिद्दीला पेटून चोवीस किलो उतरवले. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? ऐंशीवर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बास, तुमच्या उंचीला हे अगदी बरोबर आहे. तिथे थांबायचं होतं. पण तोवर पोत्याचा 'हिरो' झाला होता. माझी जाऊ, जिने जन्मात कधी कोणाला बरं म्हटलं नाही, तीसुद्धा म्हणाली की भावोजी दहा वर्षांनी तरुण दिसायला लागले. सगळ्यांनी मिळून ह्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि रोज टॉवरवरून उतरणाऱ्या माणसाला त्या झाडावरून काही उतरता येईना.

बेंबीखाली चिमटीत येईल एवढी एक वळी उरली होती. आरशासमोर उभे राहून हे ती धरायचे आणि म्हणायचे, एवढी गेली की झालं. वजन पंचाहत्तर झालं, एकोणसत्तर झालं, बासष्ट झालं. गाल बसले, गळ्याची हाडं वर आली, वळी मात्र जागच्या जागी. ती चरबी नव्हतीच, सैल पडलेली कातडी होती. उपाशी राहून ती कशी जाणार? हे मी किती वेळा सांगितलं असेल, पण पालथ्या घड्यावर पाणी. ताटात काकडी आणि एक उकडलेलं अंडं, त्यातलं पिवळंही काढून माझ्या ताटात. ह्यांची पँट मी तीनदा आत घेतली. तिसऱ्या वेळी मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटले, तेव्हा मी म्हटलं, आता मधोमध एकच ठेवते. पूर्वीचे हे असते तर हसून हसून खोकले असते. ह्या वेळी फक्त म्हणाले, अजून अर्धा इंच घेता येईल का बघ.

आणि त्याच सकाळी सहाला बाथरूममध्ये बादली पडल्याचा आवाज आला. मी धावले. हे बेसिनला दोन्ही हातांनी धरून उभे होते, ओठ पांढरे पडलेले. म्हणाले, पाय घसरला. फरशी कोरडी होती. ती मी पाहिली, आणि मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. तरी तासाभरात बेल्ट घेऊन माझ्यासमोर हजर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण मी तोंड सोडलं असतं तर हे बेल्ट उचलून तसेच चालते झाले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून वेळ काढायला मी दोऱ्याची रिळं चाळत बसले. म्हटलं, जाड दोरा लागेल, मोठी सुई लावते, तेवढी ओवून द्या. चार वर्षांपासून मला जवळचं नीट दिसत नाही. चष्मा आहे, पण दिवसाची पहिली सुई हेच ओवून द्यायचे, ती आमची सकाळची लाडीगोडी. हल्ली त्या वेळेला हे वजन उतरवायला जिना चढ-उतर करत असतात, त्यामुळे कित्येक महिन्यांत ते झालं नव्हतं.

ते वाकले. दोरा ओला करून नेढ्याशी नेला, तो बाजूने गेला. पुन्हा नेला, पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, तरी दोऱ्याचं टोक हलतच राहिलं. कपाळावर घाम आला. मी काही परीक्षा घ्यायला सुई दिली नव्हती, आईशपथ.

"रिकाम्या पोटी थोडं थरथरतं," ते म्हणाले. "वर गेलं की थांबतं."

"आणि नाही थांबलं तर?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्यांनी बेल्टकडे हात नेला. मी त्यावर तळवा ठेवला.

"गिऱ्हाईक येतं, म्हणतं, अगदी अंगाबरोबर शिवा, आत जास्तीचं कापड नको. मी ऐकते का? शिवणीत बोटभर माया ठेवतेच. बाहेरून ती दिसत नाही, पण कपड्याला ताण बसला की तीच सांभाळते. डॉक्टरीणबाईंनी ऐंशीवर थांबवलं ती तुमची माया होती. तुम्ही ती कापत आणलीत. आता उसवलात तर धरायला आत काही नाही. मला भीती वाटते हो. मला जाडे चालाल, खाली बसून बोल्ट मोजणारे चालाल. वरून पडलेले नाही चालणार."

"परत पोतं म्हणतील," ते एवढंच बोलले.

हॉर्न दुसऱ्यांदा वाजला. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला, बेल्ट खांद्यावर टाकला आणि बाहेर पडले. मी दारात आडवी पडले नाही. तसं करून आजचा दिवस मिळाला असता, उद्याचं काय? मी मोबाइलवर गँगच्या मुकादमाचा नंबर काढला आणि खिडकीशी उभी राहिले. ह्यांचा पाय गाडीत पडला की फोन लावायचा, मग हे जन्मभर माझ्याशी बोलले नाहीत तरी चालेल, असं मी ठरवून टाकलं.

गाडीचं दार उघडलं. आतून कोणीतरी "ये हिरो" म्हणत हात पुढे केला. ह्यांनी तो धरला नाही. भर रस्त्यात बेल्ट अंगात चढवला, एकेक बकल लावलं, शेवटपर्यंत ओढलं. मग मुकादमाला खाली बोलावून त्याची मूठ आपल्या मांडीच्या पट्ट्यात घातली. ती मनगटापर्यंत आत गेली. गाडीतलं हसणं बंद झालं. मुकादमाने काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्याने स्वतःच्या हाताने तो बेल्ट सोडवला आणि गाडीत टाकला. गाडी ह्यांना न घेता गेली.

हे आत आले आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. मी दुधाचा कप पुढे ठेवला. त्यांनी तो हातात घेतला, बराच वेळ प्यायले मात्र नाहीत.

"आरशात मला अजून पोतंच दिसतं गं," ते म्हणाले.

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. पाठीचा एकेक मणका हाताला लागत होता.

मग त्यांनी दूध एका दमात संपवलं. "दवाखान्यात तू बरोबर चल. एकटा गेलो तर मी खोटं बोलून परत येईन."