कंपूचा जवळचा रस्ता

खासगी बाजार मोहल्ल्यातून कंपू भागातल्या हॉस्पिटलात समरजीत झोपेतसुद्धा पोचला असता, जन्मच तिथला. पण हल्ली तो दूध आणायलाही फोनला रस्ता विचारून निघे. मागच्या सीटवर त्याचे सासरे रघुनाथराव छाती दाबून बसले होते. पुढे त्याच्या शेजारी बायको गरिमा सरळ चला म्हणत होती. फोनमधल्या बाईनं उजवीकडे वळायला सांगितलं; तीन मिनिटं वाचणार होती. समरजीतनं बाईचं ऐकलं.

गल्लीत आरसे मिटून घ्यावे लागले. मधोमध समोरून मानसिंगरावांची जीप आली. त्यांच्या फोनातही तीच बाई होती.

दोन्ही घराणी पिढ्यांपूर्वी दख्खनमधून फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलेली. आमचे पूर्वज कधी मागे हटले नाहीत, असं दोन्हीकडे सांगतात. मग लढाया हरलं कोण, हे कुणी विचारत नाही.

मानसिंगराव उतरून म्हणाले, "गाडी मागे घ्या. आमच्याकडे मागे घेत नाहीत."

"पेशंट आहे गाडीत," समरजीत म्हणाला.

"मेलो तरी मागे घ्यायची नाही," पेशंट म्हणाला.

मग जीपमधून जॅकची दांडी निघाली. पहिल्या फटक्यात काच गेली, दुसऱ्यात समरजीतचं नाक. त्यानं उतरून मानसिंगरावांचं डोकं धरून त्यांच्याच बॉनेटवर आपटलं, पुन्हा आपटलं. एक दात नालीत गेला. कुणाचा ते नंतर ठरायचं होतं. बाई शांतपणे सांगत होती, सीधे जाएँ.

रघुनाथरावांचे ओठ निळे पडत चालले होते. गरिमा सरकून स्टिअरिंगवर बसली आणि तिनं रिव्हर्स टाकला. म्हातारा दार उघडू लागला. मागे जाणार असशील तर मी उतरतो, म्हणाला.

"आबा," गरिमा म्हणाली, "तोंड मागच्या काचेकडे करून बसा. मग आपण पुढेच चाललोय."

रघुनाथरावांनी विचार केला. गुडघे टेकले, सीटच्या पाठीला मिठी मारली. "हां. आता चल."

गरिमानं फोन खिडकीबाहेर फेकला. पुढचं चाक त्याच्यावरून गेलं तेव्हा बाईचं वाक्य अर्धवट राहिलं. दोन्ही दारं भिंतींना खरवडत गाडी निघाली.

"जावई?" आबांनी विचारलं.

"लढताहेत."

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं. गल्लीतून निघताना रघुनाथरावांची पाठ शत्रूकडे होती, हे कुणी त्यांना सांगितलं नाही. मानसिंगरावांनी ती पाहिली असती. पण त्या वेळी समरजीतचा अंगठा त्यांच्या डोळ्यात होता.