टेस्टचा फोन

यादगिरीचं काम मोठं विचित्र होतं. नीट झालं तर कुणाला पत्ताही लागू नये, असं. वरंगळच्या त्या इस्पितळातलं नेटवर्क त्याच्याकडे होतं. नेटवर्कच्या दारावर एक फायरवॉल राखणीला होता, आणि आज त्याने त्याच्या जोडीला दुसरा बसवला होता. दोघांमध्ये वेगळी केबल टाकून दोन्ही टोकांच्या पोर्टना नेटवर्कमधले पत्ते दिले होते. आत-बाहेर चाललेलं फोन-संगणकांचं प्रत्येक संभाषण आता पहिला दुसऱ्याला कळवत राहणार. पहिल्याने मान टाकली, तर दुसऱ्याने ते अर्ध्या वाक्यातून उचलायचं.

हे खरोखर होतं का, ते बघायची त्याची पद्धत साधी होती. इंटरनेटवरून घरी फोन लावायचा, बोलत राहायचं, आणि मध्येच हाताखालच्या मस्तानने पहिल्याची वायर काढायची. वर्षानुवर्षं, प्रत्येक नव्या जोडणीनंतर, असा फोन सुगुणाला जायचा. बायकोला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण दोडक्याच्या भावावर एकदा सुरू झाली की थांबायची नाही. ती गेल्या वर्षी वारली.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडताच, त्याने मेलबर्नला लेकीला फोन लावला.

"बोला नान्ना. काही काम होतं?" स्रवंतीने विचारलं.

"काम म्हणजे, टेस्ट आहे. तू नुसती बोलत राहा."

"काय बोलू?"

त्यालाही सुचेना. नातवाचं विचारलं, तर तो पोहायला गेला होता. तिकडे कीबोर्ड वाजत होता. मस्तानने वायर ओढली, पहिल्याचे दिवे विझले.

"नान्ना, आहात ना?"

"आहे."

साधी खरखरसुद्धा झाली नव्हती.

"झाली ना टेस्ट? मग ठेवते," ती म्हणाली, आणि तिने ठेवलाच.

इतकं चोख काम त्याने आजवर केलं नव्हतं, आणि त्याला रडू येत होतं.

"झालं का, अण्णा?" मस्तानने विचारलं.

"नाही. तुटला," यादगिरी म्हणाला. कामाबाबत तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता. "परत करावं लागेल."

मस्तानने स्क्रीनकडे पाहिलं. दुसऱ्या फायरवॉलवर सगळी संभाषणं शाबूत होती, एकही सुटलं नव्हतं. त्याने खाली वाकून वायर पुन्हा खोचली आणि पहिल्याचे दिवे लागेपर्यंत थांबला.

"लावा परत," तो म्हणाला. "या खेपेला मी घाई करत नाही."

यादगिरीने फोन लावला. मस्तान वायरीवर हात ठेवून उभा राहिला. घंटी वाजत होती, कुणी उचलत नव्हतं.