वाळवंटं पाहिलेली छागल

"आजोबा, तुम्ही खरंच जगभर फिरलात, का नुसतं फेकता?"

निशिगंधानं हे विचारलं, कारण ईशा आणि प्राजक्ता या मैत्रिणींनी पैज लावली होती. "हौले आहेत तुझे आजोबा, पार येडे! विचारून दाखव तोंडावर!" नववीतली पोरगी, नुकतंच भाषणात पहिलं बक्षीस मिळालेलं. ती कशाला घाबरते!

मित्रांनो, मी एक जुनी छागल आहे, म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. गौलीगुड्याच्या बाजारात अंबाजी नावाच्या कारागिरानं मला शिवलं आणि याच आजोबांनी, उत्तमरावांनी, सायकलच्या दांड्याला बांधलं. मग काय विचारता! इराण, सहारा, पार चिलीपर्यंत! इराणच्या मिठाच्या वाळवंटात दोन दिवस त्यांनी माझं पाणी नुसतं ओठांना लावलं. चिलीच्या डोंगरात माझ्या पोटातलं पाणी गोठलं, तेव्हा मला सदऱ्याच्या आत छातीशी धरलं.

आमची जात उलटी. ओली आहे तोवर धड, वाळली की गळते. म्हणून भरण्याआधी मला आठ-दहा तास भिजवावं लागतं. तीस वर्षं त्यांनी हे एकदाही चुकवलं नाही.

पुढं बाटलीतलं पाणी आलं, केबल आली. जग बटण दाबून दिसायला लागलं. बरकतपुऱ्याच्या घरात मी खिळ्याला लटकले. पासपोर्ट आणि फोटो वाळवीनं खाल्ले. उरले मी, आणि आजोबांच्या गोष्टी.

"ठैरो," आजोबा म्हणाले, "साक्षीदार आहे माझ्याकडं." त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि थेट नळाखाली धरलं. न भिजवता! मला ओरडावंसं वाटलं, पण छागलीला कुठला आवाज? सगळं पाणी त्यांच्या पायजम्यावर सांडलं.

"आजोबा, तुमचा सहारा गळतोय!" निशिगंधा म्हणाली. पोरी हसून हसून लोळल्या.

आजोबांनी मला परत खिळ्याला अडकवलं. त्या दिवसापासून गोष्टी बंद. कोणी विचारल्याही नाहीत.

चार महिन्यांनी साफसफाईत शैलानं, निशिगंधाच्या आईनं, फरशी पुसायला होईल म्हणून मला बादलीत टाकलं. दिवसभर तिथंच विसरली. संध्याकाळी निशिगंधानं मला उचललं आणि गंमत म्हणून भरलं. एक थेंब गळला नाही. पोरगी बघतच राहिली. मग धावत सुटली.

"आजोबा! गळत नाही ही! तुम्ही खरंच गेला होता ना? सांगा ना, ते मिठाचं वाळवंट!"

आजोबांनी माझ्यावरून हात फिरवला. अंबाजीच्या शिवणीवर बोट थांबलं. मग त्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"कोणाची आहे बाळा ही पिशवी?"

मित्रांनो, कॅनव्हास वाळला तर पुन्हा भिजवता येतो. माणसाचं तसं नसतं. विचारायचं ते वेळेत विचारा, आणि उत्तर येईपर्यंत हसू नका.

जेवताना निशिगंधानं ताट बाजूला सारलं. तिचे वडील धम्मानंद बातम्या बघत होते.

"पप्पा, टीव्ही बंद करा. मम्मी, तू पण ऐक. उद्यापासून शाळेतून आले की मी आजोबांना त्यांच्याच गोष्टी सांगणार. मला आठवतात तेवढ्या. अर्ध्या तर मी ऐकल्याच नाहीत नीट. चुकलं, तर सांगणारं आता कोणी नाही. तरी सांगणार."