गॅरेजातली ट्यूब

पेडण्यातल्या कितीतरी घरांचं वायरिंग बाबाजींच्या हातचं. वैशाखात त्यांना पक्षाघात झाला आणि उजवा हात व बोलणं, दोन्ही एकाच सकाळी गेलं. समजत सगळं होतं, फक्त तोंडातून शब्द येत नव्हता. म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी चित्रांची कार्डं दिली होती. बाबाजींची बायको कमल रोज ती त्यांच्यापुढे धरायची. गाय, तांब्या, छत्री. बाबाजी ओठ हलवायचे आणि मग मान फिरवायचे. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं ते त्या कार्डांपुढे.

रोज चालायला हवं, असंही बाईंनी बजावलं होतं. पावसाने अंगणात शेवाळ धरलेलं, म्हणून कमलने शेजाऱ्याकडून गाडी बाहेर काढवली आणि गॅरेज मोकळं करून घेतलं. पण आत दिवसाही काळोख. जुन्या ट्यूबची पट्टी गंजून गेलेली. तिने नवी आणली. बाबाजींकडेच काम शिकलेला विठू 'उद्या येतो' म्हणाला, पण चवथ तोंडावर आलेली. घरोघर गणपतीपुढच्या दिव्यांची कामं. त्याचा उद्या आठ दिवस लांबला.

रविवारी दुपारी कमलने शिडी आणून भिंतीला लावली.

"मीच करतंय. तुम्ही फक्त टॉर्च धरा," ती म्हणाली.

बाबाजींनी खुर्चीत बसून डाव्या हातात टॉर्च घेतला. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तोच मागून आवाज आला.

"मे... मेन."

कमल थबकली.

"मेन बंद... कर."

ती उतरली, घरात जाऊन मेन स्विच बंद करून आली. त्यांच्याकडे तिने बघितलं नाही. बघितलं तर शब्द बुजून परत जातील, असं तिला वाटलं. शिडीवर चढून तिने जुनी पट्टी काढली, नवी बसवली आणि पाठमोरीच विचारलं, "लाल वायर खंय?"

टॉर्चचा उजेड सरकत लाल वायरीवर येऊन थांबला.

"फेज," बाबाजी म्हणाले. "चोकाक." कमलने लाल वायर चोकच्या डबीत खोचली.

"आणि काळी?"

"न्यूट्रल. आवळ."

"आवळली."

"ओढून... बघ."

तिने वायर ओढली, तर ती हातात आली. पुन्हा बसवली, पुन्हा ओढली. मग ती जे कळत होतं तेही विचारू लागली. हा स्क्रू कुठला, हे भोक कशाला, ट्यूब आधी की स्टार्टर आधी. पाच मिनिटांचं काम तिने तासभर चालवलं. बाबाजी एकेक शब्द शोधून वर पाठवत राहिले.

शेवटी तिने मेन चालू करून बटण दाबलं. ट्यूब तशीच काळोखी राहिली. कमल घाबरली.

"जळली की काय ही?"

बाबाजी हसले. वैशाखानंतर पहिल्यांदा.

"स्टार्टर सैल. आधी बंद कर. मग... फिरव."

तिने बटण बंद केलं, स्टार्टर नीट फिरवला, पुन्हा दाबलं. ट्यूब दोनदा फडफडली आणि लागली.

त्या पांढऱ्या उजेडात तिला दिसलं, नवऱ्याच्या गालावर किती दिवसांची पांढरी खुंटं वाढलीत. ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. बाबाजी भिंत धरून उठले. एकेक पाऊल टाकत तिच्यापाशी आले आणि डावा हात तिच्या खांद्यावर ठेवून वर बघत राहिले.

"वाकडी," ते म्हणाले.

कमलने वर पाहिलं. पट्टी खरंच एका बाजूला दोन बोटं खाली होती.

"सरळ करू?"

"रवांदे."

चवथ सरल्यावर विठू आला. उशीर झाल्याबद्दल खजील होऊन म्हणाला, "काकी, ती पट्टी सरळ करून देतो." तो स्टूल ओढू लागला, तेवढ्यात गॅरेजात चालत असलेले बाबाजी मध्येच थांबले.

"हात लाव नको," ते म्हणाले, आणि पुढे चालू लागले.