टाळक्यावरचा ट्रे

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा ट्रे आहे. कुठल्या हॉटेलातला नव्हे, नाटकातला. एका माणसाच्या टाळक्यावर आदळायचं, एवढंच माझं काम.

ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने बाकीचे ट्रे जाड पत्र्याचे केले आणि मला मुद्दाम पातळ ठेवलं. गिऱ्हाइकाने तसं बजावलंच होतं, "मजबुती नसली तरी चालेल, आवाज दणदणीत हवा." कारागिराने मला स्वतःच्या गुडघ्यावर आपटून पाहिलं, लंगडत आत गेला आणि भाव वाढवून आला.

माझे मालक दोघे साडू. थोरल्या बहिणीचा नवरा इतका किडकिडीत की सगळे त्याला काडीपैलवान म्हणत. धाकटीच्या नवऱ्याचं डोकं गोल आणि गुळगुळीत, म्हणून तो भोपळा. एका लहानशा नाट्यगृहात रोज त्यांचा विनोदी खेळ असे. काडी वेटर व्हायचा, भोपळा गिऱ्हाईक. गिऱ्हाईक कुरकुर करी, वेटर मान डोलावत सगळं ऐकून घेई आणि शेवटी माझा ठण्णकन आवाज होई. भोपळा डोळे तिरळे करून खुर्चीवरून घरंगळे. शेवटच्या रांगेत डुलकी काढणारे आजोबासुद्धा दचकून उठत आणि काय झालं ते न कळताच हसू लागत.

खऱ्या ठोक्याशिवाय खरं हसू येत नाही, असं काडीचं ठाम मत होतं. भोपळ्याचीही तक्रार नव्हती. "डोकं रिकामं आहे माझं, म्हणून तर आवाज घुमतो," असं तो म्हणायचा. खेळ संपला की लोक मला हातात घेऊन कौतुकाने उलटंपालटं करून बघत. भोपळ्याचं डोकं कोणी तपासून पाहिलं नाही.

अशी बरीच वर्षं गेली आणि मग गमती सुरू झाल्या. निदान आधी सगळ्यांना त्या गमतीच वाटल्या. भोपळा बायकोच्या चपला घालून निघाला आणि पाय सुजले म्हणून वाटेतून परत आला. एकदा तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाऊन जेवायला बसला. ते बिचारे सभ्य, त्यांनी वाढलंही. "आज भाजी जमलीय तुला," असं तो त्या घरच्या बाईंना म्हणाला. हे कळल्यावर धाकटीने त्याच्याशी अबोला धरला. पण तो अबोला त्याच्या लक्षातच आला नाही, तेव्हा ती घाबरली. कधी आवाज न चढवणारा हा माणूस शर्टाचं बटण लागेना म्हणून शर्टच फाडू लागला. हे काही कोणाला गमतीचं वाटलं नाही.

मग सुट्टीच्या दिवशीचा दुपारचा खेळ आला. नाट्यगृह खच्चून भरलं होतं. काडीने मला उचललं, ठोका दिला. भोपळा पडला नाही. त्याने पुन्हा तीच तक्रार पहिल्यापासून सुरू केली. लोकांना वाटलं, नवीन विनोद आहे. काडीलाही तसंच वाटलं. त्याने दुसरा ठोका दिला. भोपळ्याने वर पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आपण कोण?"

एवढा हशा मी आयुष्यात ऐकला नव्हता. फक्त काडी हसला नाही. त्याने मला पाठीमागे लपवलं.

दुसऱ्या दिवशी सगळे डॉक्टरबाईंकडे गेले. "डोक्याला कधी मार लागलाय का?" असं त्यांनी विचारताच धाकटीने पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवलं.

"ह्याने? किती वेळा?"

"रोज," धाकटी म्हणाली.

"कधीपासून?"

"लग्नाआधीपासून," काडी खाली बघत पुटपुटला. "पण डॉक्टर, कधी रक्त आलं नाही हो. साधं टेंगूळसुद्धा नाही."

"डबा जोरात हलवला तर डब्याला पोचा पडत नाही," बाई म्हणाल्या, "पण आतलं सगळं आपटतं. मेंदूचं तसंच आहे. लहान लहान मार साठत जातात आणि आजार कित्येक वर्षांनी डोकं वर काढतो. हा तोच आहे असं आत्ता छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण लक्षणं तशी आहेत. गेलेलं परत आणणारं औषध नाही. मात्र आजपासून एक ठोकासुद्धा नको."

"मला काही झालेलं नाही," भोपळा म्हणाला. "ह्या ट्रेलाच तपासा. पार वाकलाय बिचारा."

घरी मोठी खडाजंगी झाली. आवाजच नसेल तर खेळ बघायला येणार कोण, हा काडीचा प्रश्न. थोरली खेळाचे कपडे शिवायची. ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "आवाजच हवा ना? मी देते."

तिने पुठ्ठ्याला चंदेरी कागद चिकटवून दुसरा ट्रे केला. तो दीडशहाणा रंगमंचावर गेला आणि मी पडद्यामागे, थोरलीच्या हातात. तिने मला लाकडी हातोडी मारायची आणि पुठ्ठा नुसता डोक्याजवळ न्यायचा, असं ठरलं. पहिल्याच दिवशी थोरलीने घाई केली. पुठ्ठा अजून हवेत आणि भोपळा आडवा! लोक आधीपेक्षा जास्त हसले.

काडी घाम पुसत पडद्यामागे आला. "म्हणजे खरं मारायची गरजच नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती," थोरली म्हणाली आणि तिने हातोडी पेटीत ठेवून दिली.

काही दिवस खेळ तसाच चालला. भोपळा पडायचं विसरला की काडी स्वतःच पडायचा. मग भोपळा यायचंच विसरू लागला, तेव्हा काडीने खेळ बंद केला.

आता मी धाकटीच्या घरी एका खिळ्याला लटकतो. काडी रोज दुपारी येतो आणि भोपळ्यासमोर खुर्चीवरून घरंगळतो. भोपळा टाळ्या वाजवतो. परवा काडी कपडे झटकत दाराबाहेर पडला, तसं भोपळ्याने बायकोला विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

"तुमचे साडू."

"माणूस चांगला आहे. पण त्यांना म्हणावं, पडताना डोकं सांभाळा."

मित्रांनो, माझंही तुमच्याकडे तेवढंच मागणं आहे. खेळताना डोक्याला मार लागला तर "काही नाही, काही नाही" म्हणत पुन्हा धावू नका. थांबा आणि मोठ्यांना सांगा. दुसऱ्या कुणाला लागलं तर आधी त्याच्याजवळ जा, त्याला बरं वाटतंय का विचारा. हसायला नंतर पुष्कळ वेळ मिळतो.